राउटरची सेफ्टी टेस्ट: मेन्सपेक्षा लाइनचा पोर्ट जास्त छळतो

पॉवर अडॅप्टर आधीच प्रमाणित असेल तर मेन्सच्या (घरातल्या वीजपुरवठ्याच्या) बाजूला सहसा फारसं अडत नाही. आयईसी ६२३६८-१ या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या सुरक्षा मानकाप्रमाणे टेस्ट करून घेताना मला खरी डोकेदुखी झालेली दिसते ती डीएसएल (फोनच्या तारेवरचं इंटरनेट) किंवा फोनच्या पोर्टवर.

बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या जोडीवर विजेचा सर्ज, म्हणजे क्षणभराचा मोठा व्होल्टेज, येऊ शकतो. म्हणून लाइन आणि हात लागणारे भाग यांच्यामध्ये १०/७०० मायक्रोसेकंदांचे (१० मध्ये चढणारे, ७०० मध्ये निम्म्यावर येणारे) १.५ किलोव्होल्टचे दहा इम्पल्स देतात, पोलॅरिटी आलटूनपालटून, दोन इम्पल्समध्ये ६० सेकंद. हँडसेटसारखा हातात धरायचा भाग असेल तर २.५ किलोव्होल्ट.

लाइन ते अर्थिंग हा वेगळा विषय, आणि गोची इथेच होते. सर्किट डिझाइन करणारा सर्जसाठी लाइनपासून अर्थिंगला २३० व्होल्टची गॅस ट्यूब (ठरावीक व्होल्टेजच्या वर करंट सोडणारा पार्ट) टाकून मोकळा होतो. ती इथे पुरत नाही. मेन्स १३० व्होल्टच्या वर असलेल्या भागात मानकाचा हिशोब ३६० व्होल्टपासून सुरू होतो. वर उत्पादनातल्या फरकाची आणि ट्यूब जुनी होण्याची तूट. उत्पादकाने या तुटी दिल्या नसतील तर प्रत्येकी रेटिंगच्या १० टक्के धरतात. ४७० व्होल्टची, ±२० टक्के टॉलरन्सची ट्यूब घेतली तर किमान ३७६. बरी वाटते, पण जुनी होण्याचे १० टक्के, म्हणजे ४७, वजा केले की ३२९ उरतात, ३६० च्या खाली, फेल. ६०० ची घेतली तर किमान ४८०, त्यातून ६० वजा करून ४२०, पास. डेटाशीटवरचा मोठा आकडा बघून पार्ट निवडू नका, किमान स्पार्कओव्हर (ट्यूब करंट सोडू लागते तो व्होल्टेज) बघा. अर्थिंग कायमचं पक्कं जोडलेल्या उपकरणांना इथे सूट असते, ती लागू आहे का हे आधी विचारून घ्या.

आतच पॉवर सप्लाय असेल तर हायपॉटला (इन्सुलेशनवर जास्त व्होल्टेज लावायच्या टेस्टला) वाय कपॅसिटर, म्हणजे मेन्स आणि अर्थिंगमधले कपॅसिटर, फसवतात. ४.७ नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर १५०० व्होल्ट, ५० हर्ट्झला साधारण २.२ मिलिअँपिअर खेचतो, दोन असले की दुप्पट. ट्रिप होतं आणि इन्सुलेशनवर उगाच संशय येतो. अशा वेळी तेवढ्याच पीकचा डीसी, म्हणजे २१२० व्होल्ट लावायला सांगा.

अर्थ कंटिन्यूइटीला (अर्थिंगची जोडणी पक्की आहे का या टेस्टला) १६ अँपिअरच्या सर्किटसाठी ३२ अँपिअर, दोन मिनिटं; रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आत, म्हणजे ड्रॉप ३.२ व्होल्टपर्यंत. बोर्ड चांगला असूनही इथे नापास होतो तो बहुधा अर्थ स्क्रूखालच्या पावडर कोटिंगमुळे. तेवढी जागा मास्क करून घ्या, दातेरी वॉशर टाका.

तापमानाच्या टेस्टला सगळे पोर्ट फुल लोडवर लागतात, पीओई (नेटवर्क केबलमधून वीज देणारा पोर्ट) असेल तर तोही. त्यासाठीचं फर्मवेअर आणि डमी लोड सॅम्पलसोबतच पाठवा. फॉल्ट टेस्टमध्ये, म्हणजे मुद्दाम बिघाड करून बघताना, फ्यूज उडतात, बोर्ड जळतात; सोल्डर केलेला फ्यूज असेल तर सुटे बोर्ड द्या. आणि लेबलवरचा करंट तपासा: मोजलेला त्याहून १० टक्क्यांपेक्षा जास्त भरला तर लेबल बदलावं लागतं.