मनगटातला वाटाणा

दुपारची ऑनलाइन मीटिंग, माझा माइक म्यूट. डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटाशी कधी खेळायला लागली कळलंच नाही. जुनी खोड. करंगळीच्या बाजूला, तळहात संपतो तिथे एक टणक गोटी लागते. मनगट सैल सोडून जरा आत वाकवलं की ती चक्क इकडेतिकडे सरकते. हात ताठ केला की गप्प. (चाचपताय ना? मागच्या बाजूचा तो उंचवटा नव्हे, ही तळहाताकडची.)

हिचं नाव पिसिफॉर्म, म्हणजे वाटाण्यासारखं. मनगटात एकूण ८ हाडं. त्यांत एक होडी आहे, एक चंद्रकोर, एक हुक आणि हा वाटाणा. नावं ठेवणाऱ्यांना मी तरी नावं ठेवणार नाही. होडीला नाव म्हणतात हे त्यांना कुठून माहीत असणार! वाटाण्याची जात आणखी गमतीची. स्नायूच्या दोरीत गुंतलेल्या अशा हाडांना तिळावरून नाव पडलंय. गुडघ्याची वाटीही त्याच जातीची. एवढी मोठी वाटी, आणि म्हणे तीळ!

सहा वर्षांची असताना मी पडले आणि हाताचा एक्स-रे काढला. मोडलं काहीच नव्हतं. पण ताईनं ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि माझी वाचाच बसली. बोटं होती, कोपराकडची हाडंही होती, मध्ये मनगटाच्या जागी नुसता अंधार आणि त्यात चार-पाच पांढरे ठिपके. "बघ, तुझा पंजा हवेत तरंगतोय," ताई म्हणाली. मी आठवडाभर दप्तर डाव्या हातानं उचललं.

लहानपणी मनगट कूर्चेचं असतं, ती एक्स-रेत दिसत नाही, हे फार उशिरा कळलं. एकेक हाड सावकाश भरत जातं. वाटाणा सगळ्यांत शेवटी, साधारण ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान. म्हणजे त्या फिल्मवर तो नव्हताच. नंतर कधीतरी, शुद्धलेखनाच्या वहीवर हात टेकवून मी पानंच्या पानं काळी करत होते तेव्हा, त्याच हाताखाली तो गुपचूप घट्ट होत असणार. ज्या जागेला शाई लागायची, ती हीच. आता तिथे माउसनं घट्टा पडलाय.

ताईला फोन करून विचारायला हवं, ती फिल्म कुठे...

माझं नाव दोनदा घेतलं म्हणे कुणीतरी. म्यूट काढलं. "हो हो, ऐकतेय."