‘बलात्कार संस्कृती’ या शब्दाविषयी

‘बलात्कार संस्कृती’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो खटकला होता, कारण संस्कृती म्हटले की आपल्या मनात काहीतरी जपण्याजोगे, अभिमानाचे येते. इथे मात्र संस्कृती म्हणजे ज्या समजुती, भाषा आणि सवयींमुळे अत्याचार नित्याचा वाटू लागतो आणि दोष पीडितेच्याच पदरात पडतो, ते सगळे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील स्त्रीमुक्ती चळवळीतून हा शब्द पुढे आला, आणि १९७५ मध्ये याच नावाचा माहितीपटही निघाला.

शब्द परका असला तरी अनुभव आपलाच आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, असे कारण दिले गेले. पोलीस ठाण्यात, रात्री, गणवेशातील माणसांसमोर ती कशी झगडणार होती? १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून संमती आणि शरणागती यांतला फरक दाखवला. त्यातून उठलेल्या आंदोलनामुळे १९८३ मध्ये कायदा बदलला.

आपली भाषा मात्र तितकी बदललेली नाही. ‘अब्रू लुटली’ असे आपण आजही सहज म्हणतो, जणू गमावले ते तिनेच.