तुम्ही विचारलंत म्हणून: ‘गुडघ्याचं शेअर इकलासा का?’

लग्नात विचारता. पंचगंगेवर रक्षाविसर्जनाला उभं असताना विचारता. परवा तर सलूनवाल्यानं वस्तरा गळ्याशी आणून विचारलं, "काय वो, ते गुडघ्याचं शेअर इकलासा का न्हाई अजून?"

नाही विकले. तीन लॉट, म्हणजे शेअरचे तीन गठ्ठे होते, तिन्ही आहेत. हे उत्तर मी शंभरदा दिलंय, पण त्यावर लगेच "का?" येतो आणि तिथं मी चहा मागवतो. आज चहा न मागवता लिहितोय.

कंपनीचं नाव घालत नाही. माहीत असलेल्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी एवढंच, की कृत्रिम गुडघे बनवणारी ही छोटी कंपनी 2021 च्या ऑक्टोबरात एसएमई बाजारात, म्हणजे शेअर बाजारातल्या छोट्या कंपन्यांच्या विभागात आली. 84 रुपये भाव, 1,600 शेअरचा लॉट. नवीन प्लँट घालणार, युरोपचं प्रमाणपत्र घेणार आणि माल बाहेर पाठवणार, असं सांगून पैसे घेतले. प्लँटची इमारत झाली. प्रमाणपत्र आलं नाही. ‘यंदाच्या दिवाळीपर्यंत’ चं ‘मार्चपर्यंत’ झालं, मार्चचं ‘पुढच्या सहामाहीत’ झालं. आता नुसतं ‘लवकरच’ म्हणतात.

मी ते का घेतले हे मात्र मला कुणी विचारत नाही, आणि सांगण्यासारखं तेच आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मशीन शॉप आहे. शिरोलीच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-बोरिंग करून पुण्याला पाठवतो. कंपनीच्या माहितीपत्रात गुडघ्याचा फोटो होता: मांडीच्या हाडावर बसणारा तो गोल, चकचकीत भाग. खाली लिहिलेलं, कोबाल्ट-क्रोमचं ओतकाम. आधी मेणाचा गुडघा करायचा, त्यावर मातीचं कवच चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मूर्तिकारांची जुनीच रीत. मला वाटलं, हे तर आपलंच काम, फक्त हात जास्त स्वच्छ. बँका, सॉफ्टवेअर यातलं मला कळत नाही, पण कास्टिंग कळतं. आयुष्यात पहिल्यांदा मला कळणाऱ्या धंद्याचा शेअर मिळाला होता. एक लॉट आयपीओत, म्हणजे कंपनीनं पहिल्यांदा शेअर विकले तेव्हा लागला, दोन नंतर चढ्या भावानं घेतले. चढ्या म्हणजे किती ते घरात कुणाला माहीत नाही, म्हणून इथंही नको.

गणितही पटत होतं. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारनं गुडघ्याच्या किमती बांधल्या. कोबाल्ट-क्रोमचा साधा गुडघा 54,720 रुपये, वर जीएसटी. पेशंटचं भलं झालं, ते व्हायलाच पाहिजे होतं. पण बनवणाऱ्याला इथं फार काही सुटणार नाही, तर माल बाहेर पाठवणं आलं. यात खोट कुठं होती? मला आजही दिसत नाही. इथं तुम्ही मला मूर्ख ठरवता ते मी मान्य करत नाही.

उशीर होणार हेही मला माहीत होतं. आपल्याकडं उपकरणांचे धोक्याप्रमाणं ए ते डी असे वर्ग आहेत, गुडघा सी मध्ये, त्यामुळं परवाना दिल्लीहून. युरोपात तोच गुडघा सगळ्यात कडक, तिसऱ्या वर्गात. तिथला नवा कायदा 26 मे 2021 पासून लागू झाला, तोही कोविडमुळं एक वर्ष पुढं ढकलून. तपासणाऱ्या संस्था मोजक्या, त्यांच्या दारात रांग. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर हे सगळं मीच समजावून सांगायचो. गुळाचे अडते नाना म्हणायचे, "पावसाळ्यात गुळाचा रवा पडून राहिला की त्याला पाणी सुटतंय. मिळंल त्या सौद्याला काढायचा." मी म्हणायचो, "नाना, हा गूळ न्हवं. ह्यो माणसाच्या पायात बसणाराय. एक सॅम्पल पास करून घ्यायला मला सहा महिने लागत्यात, आणि ते तर ट्रॅक्टरच्या हौसिंगचं असतंय."

मार्च 2023 मध्ये युरोपनं नव्या कायद्याप्रमाणं प्रमाणपत्र घ्यायची मुदत वाढवली, 2027 आणि 2028 पर्यंत. ती बातमी मी सगळ्यांना पाठवली, वर लिहिलं, ‘आता बघा!’ दुसऱ्या दिवशी मास्तरांनी (राजारामपुरीतले, विज्ञान शिकवायचे, एक लॉट) शांतपणे विचारलं, "ही सवलत जुनं प्रमाणपत्र असणाऱ्यांना आहे. आपल्या कंपनीकडं जुनं कुठलं आहे?" नव्हतंच. म्हणजे जुन्या खेळाडूंना आणखी चार-पाच वर्षं मोकळं रान आणि आमची कंपनी रांगेच्या शेवटी. मी जी आनंदाची बातमी वाटत होतो, ती आमच्यासाठी वाईट होती. त्या दिवशी विकायला हवे होते, असं म्हणता ना? मला त्या दिवशी मास्तरांचा राग आला होता, कंपनीचा नाही.

माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीनं ठिकाणावर आणलं. कंपनीच्या वार्षिक अहवालात मागं एक तक्ता असतो. 2021-22 पासून तो द्यावाच लागतो. अपूर्ण भांडवली कामात (अर्धवट प्लँट, चालू न झालेली मशीनं) अडकलेला पैसा किती जुना आहे, हे चार रकान्यांत: एक वर्षाच्या आतला, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीनच्या वरचा. आमच्या कंपनीचा 6 कोटी 40 लाखांचा आकडा पहिल्या वर्षी पहिल्या रकान्यात होता, पुढच्या वर्षी दुसऱ्यात, मग तिसऱ्यात आणि गेल्या वर्षी चौथ्यात. आकडा तोच, फक्त दरवर्षी एक घर सरकलेला. पहिल्या पानावरच्या पत्रात दरवर्षी नवीन कारण होतं. कंटेनर, युद्ध, ऑडिटरचा व्हिसा. प्रत्येक कारण खरं असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कारण हेच मी स्वतः केलंय. जुलै 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला. मी पुण्याच्या पार्टीला पाण्याचे फोटो पाठवले आणि म्हटलं, माल अडकलाय. हायवे खरोखरच पाण्याखाली होता. पण माझा माल त्याच्या आधीच आठ दिवस मागं होता, मशीनवर चढलाच नव्हता. पुरानं मला वाचवलं. म्हणून ती पत्रं वाचताना कारण खरं की खोटं हे मी बघत नाही. पाणी यायच्या आधी ह्यांचं काम कुठं होतं, एवढंच बघतो. आणि ते पत्रात कधीच नसतं.

आता ती मीटिंग. खरं तर हे लिहायला बसलो ते त्या मीटिंगसाठीच.

गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीची वार्षिक सभा होती, व्हिडिओवर. मी बोलणारा भागधारक म्हणून आधी नाव नोंदवलं. दोन मिनिटं मिळणार होती. एका जॉब कार्डच्या मागं दोनच प्रश्न लिहिले. एक, चौथ्या रकान्यातले 6 कोटी 40 लाख नेमके कशात आहेत? दोन, युरोपच्या संस्थेकडं अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला? दुसरा महत्त्वाचा. रांगेत उभं असणं वेगळं आणि रांगेत जाणार आहोत म्हणणं वेगळं. चार वर्षांत कुठल्याही कागदावर ती तारीख मला सापडली नव्हती.

आमचा टर्नर माझ्या मागं येऊन उभा राहिला. बावीस वर्षं आहे माझ्याकडं. त्यानं लेथ बंद केला, हात पुसले आणि खुर्ची न घेता उभा राहिला. त्याचाही एक लॉट आहे, 118 च्या भावाचा, मेहुण्याबरोबर अर्धा-अर्धा. 1,88,800 रुपये. त्यातला त्याचा वाटा बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवून आणलेला. मी त्याला घे म्हटलं नव्हतं. हे वाक्य मी फार वेळा म्हणतो, हे मला माहीत आहे. म्हटलं नव्हतं, पण वर्षभर त्याच्यासमोर फोनवर सगळ्यांना समजावून सांगत होतो.

माझ्या आधी मुंबईचे एक भागधारक बोलले. अहवालाची छपाई सुंदर, सेक्रेटरी मॅडम फार सहकार्य करतात, सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. मी मनात हसलो. मग माझं नाव पुकारलं. पडद्यावर प्रमोटर, म्हणजे कंपनी काढणारा माणूस दिसला. कोट, मागं पुस्तकांचं कपाट, आणि चेहऱ्यावर दमलेलं पण भलं हसू.

आणि मी म्हणालो, "सर, पहले तो कोल्हापूर से आप सबको नमस्कार. अंबाबाई की कृपा से..."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी शुभेच्छा दिल्या. मीही याच लाईनमधला आहे, तुमची अडचण समजते, असं सांगितलं. लंबी रेस का घोडा, असंही काहीतरी म्हणालो. प्रमोटर खूश झाला, "कोल्हापूर! तांबडा-पांढरा!" म्हणाला, सगळे हसले, मीही हसलो. कार्ड माझ्या हातात होतं. मॉडरेटरनं "सर, टाइम" म्हटल्यावर मी घाईत एवढंच विचारलं, "सर, सर्टिफिकेट का जरा बताइएगा." उत्तर आलं की काम शेवटच्या टप्प्यात आहे, लवकरच गोड बातमी देऊ. पुढचं नाव पुकारलं गेलं.

टर्नर काही वेळ तसाच उभा होता. मग म्हणाला, "मालक, तारीख इचारली न्हाईसा."

आवाजात राग नव्हता. जॉबचं माप राहून गेलं की सांगतो तसं सांगितलं आणि जाऊन लेथ चालू केला.

मी स्वतःला फार समजावलंय तेव्हापासून. नेटवर्क, वेळ कमी, हिंदी. पण खरं एवढंच, की तीस वर्षं मी पुण्याच्या परचेस ऑफिसात हातात डायरी धरून उभा राहिलोय. समोर कोटातला माणूस दिसला की माझं तोंड आपोआप गोड होतं. इथं तर, कागदावर का होईना, मालक मी होतो. तो माणूस माझ्या पैशानं बांधलेल्या इमारतीत बसला होता. आणि अडचण समजून घेत होतो मी, त्याची!

दोन दिवसांनी टर्नरला म्हटलं, तुझा लॉट मी घेतो, 118 नं. त्यानं मान हलवली. "नगं. माझं मी घेतलंय." मग जाता जाता म्हणाला, "तुमी इकला की तेवढं सांगा."

तर हे आहे तुमचं ‘का?’: तो अडकलेला असताना मी विकून मोकळा कसा होऊ? निदान मी स्वतःला तेच सांगतो. पण ज्याचा लॉट मला घेता आला नाही असा माणूस एकच, आणि माझे लॉट तीन. दोन काढून एक ठेवला असता तरी त्याला एकट्याला अडकवून मी सुटलो असं झालं नसतं. मग बाकीचे दोन कशासाठी धरलेत? नानांना बरोबर ठरवायचं नाही म्हणून? की 2021 मधला तो मी, फोटोतल्या गुडघ्याकडं बघून हरखलेला, अजून माझ्याशी भांडतोय की कास्टिंग तर चांगलं होतं? होतंच की. प्लँट उद्या चालूही होईल. ते पैसे चोरीलाच गेलेत असं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही. नवी मशीनं प्रमाणपत्राची वाट बघत झाकून ठेवली असती, तरी तो तक्ता असाच दिसला असता.

आणि विकायचं म्हटलं तर घेणारा पाहिजे. एसएमई शेअरला पहिली तीन वर्षं मार्केट मेकर असतो, रोज घेण्याचा-विकण्याचा भाव लावणारा. 2024 च्या ऑक्टोबरात ती मुदत संपली. आता भाव 31, आणि काही दिवस एकही सौदा होत नाही. फुटकळ शंभर शेअर विकता येत नाहीत, जाईल तर अख्खा लॉट जाईल. हे मी तुम्हाला अगदी जोर देऊन सांगतो, कारण हे ऐकलं की तुम्ही गप्प बसता.

पण पूर्ण सांगतो. आठवड्यातून एकदा मी एका लॉटची ऑर्डर लावतो, त्या दिवशी लावता येईल तेवढ्या वरच्या भावाला. कुणी घेत नाही, साडेतीनला ती आपोआप रद्द होते, आणि मी विकायचा प्रयत्न करतोय असं मला म्हणता येतं. मागच्या मंगळवारी 32.50 ला लावली होती. पावणेतीनला बघतो तर पलीकडं कुणीतरी उभं, अख्ख्या लॉटला, 32.40 ला. दहा पैशांचा फरक, सगळे मिळून 160 रुपये. भाव दहा पैशांनी खाली केला की झालं असतं.

मी बघत राहिलो. मग माझीच ऑर्डर काढून टाकली.

तेवढ्यात टर्नर दारात आला. "मालक, इन्सर्ट संपल्यात." मी फोन पालथा ठेवला आणि इन्सर्ट आणायला शाहूपुरीत गेलो.