तुम्ही विचारलंत म्हणून: शेकानंतरचा फुप्फुसावरचा डाग

“मॅडम, स्तनाच्या कॅन्सरसाठी छातीला शेक झाला. आता सीटीत फुप्फुसावर डाग आलाय. पसरला का हो?” मी रेडिओलॉजिस्ट, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. (शेक म्हणजे किरणोपचार, रेडिएशन.)

मी आधी डागाची कड बघते. न्यूमोनिया बहुधा फुप्फुसाच्या खंडांच्या हद्दी पाळतो, पसरलेल्या कॅन्सरच्या गाठी बहुतेक गोलसर असतात. किरणांनी आलेली सूज त्या हद्दी जुमानत नाही. झोत गेला तिथेच ती असते आणि झोताच्या कडेशी पट्टीने आखल्यासारखी संपते. स्तनाला शेक देताना झोत छातीला तिरका चाटून जातो, त्यामुळे फुप्फुसाचा पुढचा, बरगड्यांलगतचा पातळ भाग त्यात सापडतो. डाग नेमका तिथेच असला की माझा जीव निम्मा भांड्यात पडतो.

उरलेला निम्मा तारखा बघून. शेक संपल्यावर साधारण १ ते ३ महिन्यांत धुरकट सावली दिसते. ती विरते तरी, नाहीतर ६ ते १२ महिन्यांत आक्रसून तिचा व्रण होतो, आणि पुढे तो स्थिरावतो. स्थिरावलेला व्रण नंतर फुगू लागला, सरळ कड बाहेर आली, तर मात्र “जुनाच व्रण” लिहून मी मोकळी होत नाही.

पेट स्कॅनमध्ये ग्लुकोज जास्त ओढणाऱ्या पेशी उजळतात. इथे तो हमखास फसवतो, कारण कॅन्सरसारख्याच सुजेतल्या पेशीही ग्लुकोज ओढून उजळतात. म्हणून तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये शेकानंतर सुमारे १२ आठवडे थांबून पेट करतात. नातेवाइकांना ती टाळाटाळ वाटते. घाई केली तर नसत्या बायॉप्सीची पाळी येते.

हाडांवरही खूण राहते. शेक लागलेल्या मणक्यांतली रक्त बनवणारी मज्जा जाऊन तिथे चरबी येते. एमआरआयच्या टी-१ नावाच्या चित्रात चरबी पांढरी दिसते, म्हणून ते मणके पांढरे दिसतात, शेजारचे करडेच. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा शेक झालेल्या बायकांत कधीकधी त्रिकास्थीला (कमरेखालच्या, माकडहाडावरच्या हाडाला) बारीक तडे जातात. कंबर दुखते, आणि सगळ्यांना वाटतं कॅन्सर हाडात गेला. बोन स्कॅनवर ‘एच’ अक्षरासारखा आकार उमटला, तर आधी तड्यांचाच विचार करायचा.

वैताग एवढाच, की तपासणीच्या चिठ्ठीवर शेकाचा उल्लेखच नसतो. म्हणून शेकाचं कार्ड आणि जुन्या सीडी सोबत आणा: कुठे दिला, किती ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप), कधी संपला. आणि कोरडा खोकला, धाप किंवा ताप असेल, तर माझ्या रिपोर्टसाठी थांबू नका, शेक देणाऱ्या डॉक्टरांना लगेच गाठा. फुप्फुसाच्या त्या सुजेवर स्टेरॉइडचा उपयोग होतो, पण ते त्यांनीच ठरवायचं.