हिरव्या फळ्यावरचा लाल खडू

महत्त्वाचा शब्द लाल खडूने लिहायची सवय शाळाशाळांत आहे. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या, म्हणजे रंगांधत्व असलेल्या लेकराला हिरव्या फळ्यावर नेमका तोच शब्द सापडत नाही. काहींना तर लाल रंग मुळात काळपट दिसतो. पांढरा किंवा पिवळा खडू घ्या आणि शब्दाला चौकट करा.

लेकरू स्वतःहून सांगत नाही, जन्मापासून त्याला तसंच दिसतं. या दोषाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तो मुलग्यांत जास्त. आईला काही जाणवत नसलं तरी तिच्याकडून येतो. पानं तपकिरी रंगवली म्हणून रागावू नका. वर्गात उभं करून ‘हा कोणता रंग?’ असं तर मुळीच विचारू नका. पालकांशी बोलून नेत्रतज्ज्ञाकडे इशिहारा चाचणी (रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायची) करून घ्या. मोबाइलवरच्या ठिपक्यांवर भरवसा नको, पडद्यागणिक रंग बदलतात.

पहिली-दुसरीत मणिमाळेवर दहा लाल, दहा हिरवे मणी असतील, तर या लेकराला दशक कुठे संपलं ते कळत नाही आणि आपण म्हणतो, गणित कच्चं आहे. पांढरे-निळे मणी ओवा, किंवा दर दहा मण्यांनंतर गाठ मारा.

मराठवाड्याच्या नकाशात बीड लाल आणि शेजारचं जालना हिरवं असेल, तर जिल्ह्याच्या आतच नाव लिहा. रंगांची सूची कोपऱ्यात ठेवून भागत नाही. एकात तिरप्या रेघा, दुसऱ्यात ठिपके भरा. छापण्याआधी कृष्णधवल झेरॉक्स काढून पाहा: दोन भाग सारखेच करडे आले तर बदल हवाच.

खरी अडचण प्रयोगशाळेत. आम्ल-आम्लारी ओळखायची सामू (pH) पट्टी लाल, केशरी, पिवळी, हिरवी अशी सरकते, म्हणजे गोंधळाचे सगळे रंग ओळीने. पट्टीवरच्या रंगांपुढे पेनाने आकडे लिहा, रंग जुळवायचं काम जोडीदाराला द्या. आकड्याचा अर्थ मात्र या विद्यार्थ्यानेच सांगावा. सामूमापक असेल तर उत्तमच. अनुमापनात, म्हणजे थेंब थेंब द्रावण मिसळून प्रमाण काढताना, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाची फिकट गुलाबी छटा त्याला रंगहीनच वाटू शकते आणि तो ब्युरेटमधून (तोटीच्या मोजनळीतून) थेंब सोडतच राहतो. वाचन जास्त येतं, गुण जातात. शंकुपात्राखाली पांढरा कागद ठेवा, बाजूला न बदललेल्या द्रावणाचं पात्र ठेवा, आणि रंग बदलताच जोडीदाराने ‘थांब’ म्हणायचं असं आधीच ठरवा. प्रात्यक्षिक परीक्षेत हीच सोय मिळावी म्हणून मुख्याध्यापकांकडे वेळेत अर्ज द्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे.