दीड तोळा कॉफी

आमच्या जळगावकडच्या लग्नांत मांडवाच्या एका कोपऱ्यात स्टीलचं एक उंच धूड उभं असतं. खाली गॅसची शेगडी, बाजूला दोन वाकड्या नळ्या, मागे घामाघूम झालेला एक माणूस. तो मगात दूध, साखर आणि कॉफीची पूड घेतो, मग नळीखाली धरतो, चावी फिरवतो, आणि मंगलाष्टकं बुडतील एवढा फुर्रर्र आवाज निघतो. कपाच्या काठावरून उतू जाणारा फेस आणि वर चिमूटभर चॉकलेटची पूड. या पेयाचं नाव ‘एक्स्प्रेसो’. लहानपणी आम्ही बहिणी एकेका लग्नात चार-चार वेळा रांगेत उभ्या राहायचो. चौथ्या वेळी तो माणूस आम्हाला ओळखायचा आणि पूड टाकायचं बरोब्बर विसरायचा.

पुण्यात पहिली नोकरी लागली, तेव्हा एका चकचकीत कॉफीच्या दुकानात भिंतीवरच्या यादीत सगळ्यात वर आणि सगळ्यात स्वस्त तेच नाव दिसलं. स्पेलिंग जरा वेगळं वाटलं, ‘एस्प्रेसो’, पण पुण्यात काय, सगळंच वेगळं. मागवली. आली ती बाळाच्या बोंडल्याएवढ्या कपात, तीही अर्धीच. मला वाटलं, आधी चव बघायला दिलीय, पसंत पडली की बाकीची आणतील. दहा मिनिटं मी शहाण्यासारखी वाट बघत बसले होते.

त्याच काळ्या घोटाची पुढे सवय लागली. मग लग्न होऊन पुन्हा जळगावला आले. काम घरूनच, कॉम्प्युटरवर. दुपारी तीनला बाहेर ४५ अंश आणि आत डोळ्यांवर झापड, अशा वेळी चहाने भागेना. तेव्हा ठरवलं, घरात यंत्र घ्यायचं. ठरवायला एक मिनिट लागलं आणि निवडायला तीन महिने. खरं सांगायचं तर ते तीन महिने फार मजेत गेले. साडीच्या दुकानात घेणार एक आणि उलगडायला लावणार पन्नास, तसं रोज रात्री जेवणं आटोपली की मी यंत्रं उलगडत बसायची.

माझे सासरे, आबा, यांचा यावल तालुक्यात केळीचा मळा आहे आणि बैलबाजारात त्यांचं मत विचारतात. एकदा माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाले, ‘‘काय पाहू राह्यली व बाई एवढं?’’ मी सांगितलं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, बैल घ्यायचा तर दात मोजता येतात, खूर बघता येतात, चार पावलं चालवता येतो. याचं काय बघायचं? त्यांचं खरं होतं. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात. भाव झाकलेला, बैल उघड्यावर. इथे भाव उघड्यावर होता आणि बैल रुमालाखाली.

पण यंत्राचा पहिला दात आबांनीच मोजला. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘१५ बार’. दुसऱ्यावर तर २० होतं.

‘‘हे पंधरा काय?’’

‘‘दाब, आबा.’’

‘‘अन् कामाला किती लागतो?’’

‘‘नऊ.’’

‘‘मग हे हेड लिहिलंय,’’ आबा म्हणाले. ‘‘वॉल्व्ह बंद करून मोटार चालू कर, तेव्हा चढतो तेवढा दाब. पाणी पडू लागलं का उतरला.’’

आयुष्यभर विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी बसवलेल्या माणसाला मोटारीच्या पाटीवरचा आकडा आणि पाइपातून पडणारं पाणी यांतला फरक सांगावा लागत नाही. घरगुती यंत्रातला इवलासा पंप बंद तोंडावर १५ बार दाखवू शकतो. पण एस्प्रेसो म्हणजे दाबून भरलेल्या पुडीतून जोराने ढकललेलं गरम पाणी, आणि त्याला कॉफीच्या थरावर हवेत साधारण ९ बार. म्हणून बऱ्या यंत्रात जास्तीचा दाब परत सोडून देणारा एक वॉल्व्ह असतो. म्हणजे छातीठोकपणे छापलेला आकडा कमी करण्याचे पैसे वेगळे! आबांनी लगेच मनातल्या मनात हिशेब केला: एक बार म्हणजे दहा मीटर उंच चढणारं पाणी, नऊ बार म्हणजे नव्वद, म्हणजे तीनशे फुटाला पाच फूट कमी. ‘‘वाटीभर कॉफीसाठी आपल्या बोअरएवढं पाणी उचलते का ही?’’ आणि ते हसत झोपायला गेले.

मला झोप येईना, म्हणून मी या दाबाच्या मागे लागले. इटलीतल्या तुरीन शहरात अँजेलो मोरिओंदो या गृहस्थाने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. मिलानच्या लुईजी बेझेराने १९०१ मध्ये त्याला एकेका कपाचं केलं. पण तो सगळा वाफेचा कारभार. वाफेचा दाब दीडेक बारच्या पुढे फारसा जात नाही, आणि कॉफी करपट लागते. मिलानच्याच आकिले गाज्जियाने १९३८ मध्ये वाफ बाजूला ठेवून गरम पाणी दट्ट्याने दाबून घालायची युक्ती काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची दांड्याची यंत्रं बाजारात आली, तेव्हा कपात पहिल्यांदा तो तांबूस फेस दिसला. १९६१ साली फाएमा कंपनीचं ‘ई-६१’ यंत्र आलं आणि दांडा ओढणाऱ्या हातांच्या जागी विजेचा पंप बसला. हे वाचताना आमच्या लग्नातलं ते धूड डोळ्यांपुढे आलं. त्याच्या कपात एस्प्रेसोचा थेंबही नसतो, पण फुर्रर्र वाफ सोडणारं ते कूळ थेट १८८४ चं आहे. त्याला मी उगाच हसत होते.

यंत्रांचे प्रकार सांगत बसत नाही. एक टाकी, दोन टाक्या, टाकीच नाही नुसती तापणारी नळी. कॉफीची पूड भरायच्या चाळणीचा व्यास ५१ मिलिमीटर, ५४, ५८. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. स्वस्त यंत्रासोबत बरेचदा दुहेरी तळाची चाळणी येते. तिला खाली टाचणीच्या अग्राएवढं एकच भोक. कॉफी कितीही शिळी, कशीही दळलेली असो, त्या भोकातून फवारा उडतो आणि फेस दिसतो. दुधात पावडर घालून साय आणावी, तसलाच प्रकार. साधी, इकडून तिकडे आरपार दिसणारी चाळणी मिळते की नाही, हे आधी विचारावं.

आणि मग दळण. मी स्वतःची अक्कल चालवून आधी नुसत्या बिया मागवल्या होत्या, चिकमगळूरच्या. बाबा बुदन नावाच्या सूफी साधूने सतराव्या शतकात येमेनच्या मोखाहून सात बिया आणून लावल्या असं जिथलं सांगतात, त्याच डोंगरांतल्या. पिशवीवर भाजल्याची तारीख, आतला वायू बाहेर जायला छोटीशी झडप, सगळं छान. त्या मी मिक्सरमधून काढल्या. मैत्रिणीकडचं यंत्र दोन दिवसांसाठी उसनं आणलं होतं, त्यात घातल्या. कपात जे पडलं ते एकाच घोटात आंबटही होतं आणि कडूही. पंचाईत अशी की चूक नेमकी कुठली, तेच कळेना.

सासूबाई देवघरातून आल्या. त्यांनी कपाकडे पाहिलंच नाही. डब्यातली पूड चिमटीत घेतली, अंगठा आणि बोटात चोळली आणि म्हणाल्या, ‘‘अर्धी पीठ, अर्धी रवा. पाणी बिचारं रव्यातून पळून जाईल नाही तर काय? मिक्सर हाणतो, दळत नाही.’’

मग बराच वेळ जात्याचा विषय निघाला. आमच्या घरात जातं आता फक्त लग्नाच्या हळदीला माळ्यावरून खाली येतं. पण ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ सासूबाईंनी तरुणपणी त्याच्यावरच दळलेलं. पीठ कसं हवं तसं जातं कसं ठेवायचं, हे त्यांना माहीत. भरड हवी तर मधल्या खुंट्याला चिंधी गुंडाळायची, वरची तळी केसभर उचलली जाते. बारीक हवं तर चिंधी काढायची. घास थोडा-थोडा टाकायचा, हात एका लयीत ठेवायचा. जातं गुळगुळीत झालं की टाकी लावून, म्हणजे छिन्नीने ठोकून, पुन्हा खडबडीत करून घ्यायचं. मी त्यांना कॉफीच्या चक्कीचं चित्र दाखवलं: दोन दातेरी पोलादी कड्या, एक स्थिर, एक फिरती, मधली फट कमी-जास्त करायला एक रिंग. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. ‘‘हे तर जातंच आहे. ही रिंग म्हणजे चिंधी.’’

तीन महिने वाचून जे कळलं नव्हतं ते असं दोन वाक्यांत कळलं. ती रिंग एक खाच सरकवली की २५ सेकंदांत उतरणारी कॉफी १५ सेकंदांत धो-धो येते, किंवा उलट थेंबही गळत नाही. लोक सगळा पैसा यंत्रात घालतात आणि दळायला मिक्सर वापरतात. कपाशीच्या काड्यांवर निवांत भाजायचं भरताचं वांगं मायक्रोवेव्हमध्ये घालून वर बदाम पेरावेत, तसं ते. बजेटचे निम्मे पैसे चक्कीत घालावेत, असं माझं मत झालं, आणि अजून बदललेलं नाही.

पाण्याबद्दल जळगावकराला वेगळं सांगायला नको. आमच्या बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर दोन वर्षांत पांढरं कवच चढतं. ज्या यंत्रात सुतळीएवढ्या नळ्या आहेत तिथे काय होईल? लिंबूसत्त्वाच्या पाण्याने धुवायचं, असं माहितीपुस्तकात होतं, पण किती वेळा धुणार? आणि वीज. बरीच यंत्रं १३००-१४०० वॉट ओढतात, आमच्या इन्व्हर्टरने हात जोडले असते. उन्हाळ्यात दुपारी तीनला, म्हणजे नेमकी मला कॉफी हवी त्या वेळी, लाइट असेलच असं कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

काटा घ्यायला मात्र मी सराफ बाजारात गेले. कॉफी चमच्याने नव्हे, वजनाने घ्यायची आणि ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा हवा, असं सगळीकडे लिहिलेलं. जळगावात असा काटा मागायला लाजायचं काय कारण? दुकानदाराने विचारलं, ‘‘ताई, काय तोलायचं?’’

‘‘कॉफी. १८ ग्रॅम टाकायची, ३६ निघते.’’

तो थबकला. ‘‘टाकलं अठरा अन् निघालं छत्तीस? हा धंदा आमच्या गल्लीत कोणी केला तर दुसऱ्या दिवशी पोलीस येतील.’’ मग त्यानेच हिशेब सांगितला: जुन्या तोळ्याने अठरा ग्रॅम म्हणजे दीड तोळ्याला थोडं वर.

शेवटी घेतलं काय? ते एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतीचं, बटण दाबलं की दळून-दाबून-ओतून देणारं यंत्रही मी खूप दिवस यादीत ठेवलं होतं. यादीतून काढवत नव्हतं. आबा एवढंच म्हणाले, की म्हैस निदान पारडू तरी देते. मी हाताने दाबायचं दांड्याचं यंत्र घेतलं. वीज नाही, पंप नाही, टाकी नाही. गॅसवर उकळलेलं फिल्टरचं पाणी वरून ओतायचं आणि गाज्जियाच्या काळासारखा दांडा खाली ओढायचा. छोट्या तबकडीवर काटा नऊपर्यंत चढवायचा आणि पंचवीस-तीस सेकंद तिथे धरून ठेवायचा. उरलेल्या पैशांत हाताने फिरवायची, पण दातेरी कड्यांची चक्की आली. पहिल्या दिवशी माझा तोल गेला आणि निम्मी कॉफी ओट्यावर उडाली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी चक्की माझ्या हातातून घेतली. मांडी घालून खाली बसल्या, चक्की गुडघ्यांत धरली आणि ती अशा लयीत फिरवली, की मी नुसती बघत राहिले.

दूध फेसवायला यात वाफेची नळी नसते. पाहुण्यांना त्याचं दुःख फार. ‘कॉफीचं मशीन घेतलं म्हणे’ म्हणून जामनेरहून नणंद मुलांना घेऊन आली, तेव्हा मी तिच्यापुढे तो ३६ ग्रॅमचा इवलासा कप ठेवला. तिने आत वाकून पाहिलं आणि फार समजूतदारपणे म्हणाली, ‘‘वहिनी, पावडर संपली असेल तर राहू दे ना, चहा चालेल.’’ मुलांनी तर सरळ विचारलं, फुर्र कधी होणार?

आबा कॉफी पीत नाहीत. एकदा घोटभर घेतली आणि काढ्यासारखी गिळली. पण मुक्कामाला असले की दुपारी तीनला स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसतात, काटा स्वतःपुढे ओढतात आणि बिया मोजून देणं हे त्यांचं काम. वाटी ठेवून आधी शून्य करतात, मग चिमटीने एक-एक बी सोडतात. कालही १८.१ झालं. मी म्हटलं, ‘‘राहू द्या हो आबा, एवढ्याने काय होतंय.’’ त्यांनी एक बी उचलली. आकडा १८.० वर आला. ती बी त्यांनी सुपारीसारखी दाढेखाली धरली आणि वाटी माझ्याकडे सरकवली.