थोडं घाबरवू का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी तरुण मुलामुलींसाठी आरोग्याची माहितीपत्रकं लिहिते म्हटलं की एक प्रश्न ठरलेला, "थोडं घाबरवल्याशिवाय ही विशी-बाविशीची पोरं वाचतात का हो?" वाचतात, घाबरतातही, पण मग उठून काही करत नाहीत ना!

मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या येल विद्यापीठातला १९६५ चा अभ्यास आहे. धनुर्वाताच्या लसीची पत्रकं विद्यार्थ्यांना दिली, काहींना एकदम भयानक, काहींना सौम्य. भयानकवाले जास्त घाबरले, लस घेऊ म्हणाले, पण नुसतं पत्रक वाचून खरंच गेले ते जेमतेम ३ टक्के. ज्यांना सोबत दवाखान्याची खूण केलेला नकाशा आणि वेळा दिल्या, कधी जाणार ते ठरवायला लावलं, त्यांच्यातले साधारण २८ टक्के गेले. आणि ही शेवटच्या वर्षाची मुलं, दवाखाना कुठेय हे बहुतेकांना माहीत असणारच!

म्हणून मी आधी "कुठे जायचं, कधी, फुकट आहे का, घरी कळेल का" हे लिहून घेते. शेवटचा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात तोच असतो. आजाराची कारणं वगैरे मग उरलेल्या जागेत, दोन ओळीत.

आकडे टाकताना तर फारच जपावं लागतं. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये सांगितलं गेलं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. दुप्पट म्हणजे किती, तर ७००० बायकांत एकीच्या जागी दोघी. पण हे कोण सांगणार, बायकांनी घाबरून गोळ्याच सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाले. बरं, गरोदरपणात गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो! त्यामुळे "दुप्पट", "निम्मा" असलं काही दिसलं की मी खोडते आणि इतक्यांत इतके असं लिहिते.

कव्हरवर "गुप्तरोग" असं ठळक छापलेलं पत्रक चारचौघात कोण उचलणार, सांगा? साधं कव्हर, खिशात मावेल अशी घडी, बस.

आणि छापायच्या आधी त्याच वयाच्या चारपाच जणांना वाचायला द्या. "समजलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता तू काय करशील?" विचारा, आणि उत्तर द्यायला पत्रक उलटंपालटं करून शोधायला लागले तर डिझायनरला फोन करा, छपाई थांबवा.